उंबऱ्यातला म्हातारा

माझ्या सुनेने माझ्या नवऱ्याला उंबऱ्यात उभं करून ठेवलं होतं. ना धड आत, ना धड बाहेर. आमच्याकडे उंबऱ्यावर पाय देऊन कोणी थांबत नाही. पाहुणा थांबत नाही, पोर थांबत नाही, कुत्रंसुद्धा उडी मारून आत येतं. आणि इथे मरून वर्ष होत आलेला माणूस, ज्याने जन्मात कधी उंबऱ्याला बूट लागू दिला नाही, तो एक पाय घरात आणि एक पाय बर्फात असा महिनोन् महिने उभा. तोही आपल्या घरी नाही, शाळेच्या भिंतीवर, गावच्या पोरांसमोर.

सून माझी कनिशाय. नारीन शहरात शिकून आली, गावच्या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवते. हस्तकला म्हणायची आणि गाठ उलटी मारायची. आमच्या मिठाच्या चहात मीठ घालायचं विसरते आणि मग मीठच आणून समोर ठेवते, जसा काही मीच विसरले. माझा मुलगा एर्मेक तिच्यावर जीव टाकतो, म्हणून त्याला चहा अळणी लागत नाही. शाळेतली पोरंही तिच्याभोवती माश्यांसारखी घोंगावतात. तिच्यात काहीतरी असेल. मी नाही म्हणत नाही.

पण ती घरी लॅपटॉप उघडून बसली की घरात कुणी श्वास घ्यायचा नाही. आधी माझी रजई काढून खिडकीवर टांगते, आवाज घुमू नये म्हणून. मग चहाचा समोवर बंद. मग हळूच म्हणते, एने, थोडाच वेळ. ती मला एने म्हणते. मीही माझ्या सासूला एनेच म्हणायचे, फक्त तिला गप्प बस म्हणायची माझी छाती झाली नव्हती. मग लॅपटॉपच्या पडद्यावर मुंगीएवढा एक बाण आपला आपण चालू लागतो. नक्षीतलं अर्धं शिंग काढतो, आणि कागदाची घडी उलगडावी तसं दुसरं अर्धं त्याच्या शेजारी उगवतं. ही शेजारी बसून गोड आवाजात सांगत असते, आता इथून वळा, घाई नको, हात सैल सोडा. खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही. पहिल्यांदा मी हात सैल सोडून बसले होते.

पडद्यावर जे जे होतं ते सगळं म्हणे त्यात साठतं, आणि उद्या वर्गात जसंच्या तसं पोरांना दिसतं. त्यात माझा खोकला साठला. शेजाऱ्याचं गाढव ओरडलं तेही साठलं. पोरं म्हणे गाढवाच्या जागी मुद्दाम थांबवून पुन्हा लावायला सांगतात.

असल्या रेकॉर्डिंगपेक्षाही तिचा जीव आहे तो हलत्या चित्रांवर. हलतं चित्र म्हणजे एका श्वासाएवढं. सुरू झालं की संपतं, संपलं की तिथेच पुन्हा सुरू होतं. त्याला आवाज नसतो. हात सुई ओवतो, पुन्हा ओवतो, पुन्हा ओवतो. वर्गात पोरं ढीगभर आणि शिकवणारीचे हात दोनच, मागच्या बाकावरच्याला काय दिसणार? म्हणून हे. पोरगं कितीदा चुकलं तरी चित्र कंटाळत नाही, असं ती म्हणाली, तेव्हा मला ते पटलंही होतं. मी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि तिसऱ्यांदा सांगायची वेळ मी कुणावर येऊ देत नाही.

तर गेल्या हिवाळ्याच्या शेवटी, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, मी शिरदाकची नक्षी कापत बसले होते. शिरदाक म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, आमच्या घरांत तो जमिनीवर असतो, भिंतीवर असतो, लेकीच्या पाठवणीत असतो. लोकरीचे दोन नमदे, एक लाल आणि एक काळा, एकावर एक ठेवायचे आणि सुरी दोन्हीतून एकदम चालवायची. मग लालातून निघालेलं शिंग काळ्याच्या भोकात बसतं आणि काळ्यातलं लालाच्या. काही वाया जात नाही. एकातून गेलेलं ते दुसऱ्यात राहतं. एका कापण्यात दोन शिरदाक होतात, जुळ्या बहिणींसारखे. सगळी करामत शिंगाच्या टोकाशी असते, सुरी जिथे वळते तिथे. आणि माझी सुरी एकदा नमद्यात शिरली की नक्षी पुरी होईपर्यंत वर येत नाही. वर आली की पुन्हा लावताना खाच पडते, आणि ती खाच शिरदाक विरेपर्यंत दिसते. असिलकानची, म्हणजे माझी, सुरी वर येत नाही हे आत-बाशीच्या बाजारातही लोकांना ठाऊक आहे. मी स्वतः सांगितलंय, म्हणून ठाऊक आहे.

कनिशायने पिठाच्या डब्यावर फोन उभा केला आणि माझा हात टिपला. मी हो म्हटलं होतं. हात माझा, नाव तिचं होणार, तरी हो म्हटलं, कारण त्या दिवशी म्हातारा सकाळीच म्हणाला होता, शिकू दे की पोरांना, तू काय सुरी कबरीत घेऊन जाणार आहेस?

कबरीत तो गेला. बर्फ वितळायला लागलं होतं, ओढा नुकता बोलायला लागला होता. एक दिवस गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला तो बसलाच.

त्यानंतर वर्षभर मी काळा रुमाल बांधला. दर गुरुवारी कढई चढवून तेलाचा वास काढला, गेलेल्यांना वास पोचतो म्हणून. पिठाचे बोरसोक तळायचे, फातिहा म्हणायचा, शेजारच्या पोरांना वाटायचे. तेलाचा धूर दारातून बाहेर पडे आणि अंगणात उभ्या पॉप्लरच्या झाडांमधून कुठेतरी जाई. मी रोज दार थोडं उघडं ठेवायला लागले. एर्मेक म्हणायचा, आई, कोळसा फुकट जातोय. मी म्हणायची, कोळसा मी आणलाय का तू?

वर्ष भरत आलं तशी आशची तयारी सुरू झाली. वर्षाच्या आशला घोडी कापतात, लांबलांबून माणसं येतात, गेलेल्याला मोकळं करतात, आणि बायका विधवेचा काळा रुमाल सोडून पांढरा बांधतात. पांढरा रुमाल माझ्या पेटीत घडी घालून तयार होता. माझ्या मनाचीही तयारी होती. मी रडूबाई नाही.

अशा दिवसांत झुमागुल आली. झुमागुल म्हणजे पलीकडच्या घराची. आम्ही एकाच वर्षी सुना म्हणून या गावात आलो आणि तेव्हापासून ती माझी भाकरी किती फुगली ते बघायला येते. शाळेत नातवाच्या पालकसभेला जाऊन आली होती. चहा घेतला, साय चाटली, आणि म्हणाली, "अगं, म्हातारा शाळेत नोकरीला लागला, ते सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, झुमागुल, तुझा रक्तदाब वाढलाय, घरी जा.

ती गेली नाही. तिने सांगितलं ते असं. कनिशायच्या वर्गात भिंतीवर माझा हात शिंग कापतो आणि माझ्या हातामागे, लांब कोपऱ्यात, दार उघडतं. दारातून उजेड येतो, उजेडातून म्हातारा येतो. कातड्याची टोपी, तोच कोट, एक हात छातीशी, कोटात काहीतरी फुगलेलं. एक पाय आत टाकतो. दुसरा उचलतो. आणि तो पाय खाली यायच्या आत सगळं पुन्हा पहिल्यापासून. दार उघडतं, उजेड येतो, म्हातारा येतो. झुमागुल म्हणाली, तिने बसल्या जागी इतक्यांदा बघितलं की शेवटी तिच्याच पायाला मुंग्या आल्या.

संध्याकाळी कनिशाय घरी आली तेव्हा मी चहा ओतला नाही. म्हटलं, दाखव.

तिने दाखवलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली, आणि आमच्या या खोलीतल्या अंधारात ती दुसरी खोली पेटली. तीच खोली. तोच नमदा. माझा हात मी ओळखला नाही. दुसऱ्याचा वाटला, कुणा तरण्या बाईचा. मग दार उघडलं. बाहेर बर्फावर ऊन होतं, इतकं पांढरं की माणूस त्यातून चालत आला नाही, वितळून तयार झाला. टोपीवर बर्फाचा भुगा. पाय आला, दुसरा उचलला, आणि गेला. पुन्हा आला. मला वाटलं आता टेकवेल. गेला. आता टेकवेल. माझ्या तोंडातून "ये" असं निघालं, ते मी खोकल्यात लपवलं.

मी म्हटलं, हे बंद कर. शाळेतूनही काढ. जिथे जिथे ठेवलंय तिथून काढ.

ती खाली मान घालून बोलली. सून म्हणून ती मान नेहमी खाली घालते आणि मग आपलंच म्हणणं पुढे रेटते. म्हणाली, लवकरच जिल्ह्याहून माणसं तिचा तास बघायला येणार आहेत, दोन वर्षं ती त्याची वाट बघतेय. तास शिरदाकवर ठरलाय. हे चित्र नसेल तर सुरीचं वळण ती दाखवणार कशी, तिच्या स्वतःच्या हातात ते नाही. माझ्या हातात आहे ते तिने कबूल केलं, तेवढी ती शहाणी आहे.

मग म्हातारा पुसून टाक, मी म्हटलं. एवढं शिकलीस तर माणूस पुसता येत नाही?

"येतो, एने," ती म्हणाली. "मी पुसणार नाही."

माझ्या घरात मला असं कोणी बोललं नव्हतं. मग म्हटलं, बरं, मग त्याला आत तरी येऊ दे. पुढचं कापलंस ते जोड. दुसरा पाय टेकू दे, बसू दे, मग काय फिरवायचं ते फिरव.

ती म्हणाली की पुढचं सगळं आहे तिच्याकडे, जपून ठेवलंय. पण पुढे हात थांबतो, आणि हात थांबला की ते वळण शिकवायचं चित्र राहत नाही.

कुणाचा हात, मी विचारलं.

"तुमचा."

मी हसले. माझी सुरी वर येत नाही, मी म्हटलं. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, हवं तर बघा म्हणून. म्हणाली, तुमच्याआधी कुणालाही दाखवणार नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच. मी तो झाकला. खोटं मी कशाला बघू? आणि समजा खरं असलं, समजा पुढे तो बसला, चहा प्याला, उठून गेला, तर मग पुढे काय? उंबऱ्यात होता तोवर निदान येत तरी होता.

ते मी तिला बोलले नाही. तिच्याशी बोलणंच सोडलं. काही हवं असलं की मी एर्मेकला सांगायची, आणि एर्मेक मेंढ्यांकडे असला की गोठ्यातल्या कोकरांना सांगायची, तिच्या कानावर जाईल अशा बेताने.

ते दिवस कसे गेले मला नीट आठवत नाही. मेंढ्या वीत होत्या. बर्फ दिवसा थोडं सैल व्हायचं, पागोळ्या गळायच्या, त्यांचा ठेका ऐकत मी जेवणानंतर भिंतीला टेकायची आणि डोळा लागायचा. दार उघडायचं. उजेड यायचा. मी म्हणायची, ये, वर बस, मानाच्या जागी. तो पाय उचलायचा. जाग आली की दार तसंच, बोटभर उघडं, फटीतून उन्हाची एक पट्टी शिरदाकवर पडलेली, आणि ती पट्टी सरकत सरकत काळ्या शिंगावरून लाल शिंगावर जायची. हातात चहाचा पियाला घेऊन मी तो गार होईपर्यंत बघायची. कधी वाटायचं की चित्रातली बाई ती मी, आणि इथे बसलीय ती कोणी पुन्हा पुन्हा सुरू करतंय. उठते, चूल पेटवते, पीठ मळते, टेकते. उठते, चूल पेटवते.

गुरुवारी कढई चढवली. तेल तापलं, धूर दाराबाहेर गेला, पण वर गेला नाही. ओढ्याकडेही वळला नाही. रस्त्याने शाळेच्या दिशेला निघाला, चुकलेल्या वासरासारखा, खाली मान घालून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वर्षभर मी घरी वास काढतेय, आणि वास धरून येणारा माणूस येतोय तो शाळेत. आणि तिथे त्याला कोणी बस म्हणत नाही.

आशला थोडे दिवस उरले होते. उंबऱ्यात उभ्या माणसाला मोकळं कसं करणार, आणि त्याला उभं ठेवून मी पांढरा रुमाल कुठल्या तोंडाने बांधणार?

म्हणून जिल्ह्याची माणसं यायची त्या दिवशी मी चांगला मखमली कोट घातला आणि शाळेत गेले. साऱ्यांसमोर उठून सांगायचं ठरवलं होतं, की हे चित्र माझ्या हाताचं आहे, माझ्या घराचं आहे आणि मी ते बंद करतेय. कनिशायने मला दारात बघितलं आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला. पण ती पुढे आली, माझा हात धरून मला आत नेलं आणि मागच्या भिंतीपाशी, पाहुण्यांच्या रांगेत बसवलं. माझ्या एका बाजूला जाड चष्म्याची जिल्ह्याची बाई होती, मांडीवर कागद, हातात पेन. दुसऱ्या बाजूला एक खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर कोट ठेवायला गेले तर पुढच्या बाकावरची, वाकड्या वेणीची मुलगी वळून म्हणाली, तिथे नका ठेवू, ती जागा आहे.

कुणाची जागा ते विचारायच्या आत पडदे ओढले.

वर्गात संध्याकाळ झाली. भिंतीवर तो मुंगीएवढा बाण निघाला, अर्धं शिंग काढलं, दुसरं अर्धं उगवलं. कनिशायचा आवाज भिंतीतून येत होता, आता इथून वळा, घाई नको, आणि कनिशाय स्वतः गप्प, बाकांमधून फिरत होती, या मुलाचं मनगट सैल कर, त्या मुलीची बोटं सरळ कर. एकीच्या दोन झाल्या होत्या. एक सांगत होती, दुसरी हात धरत होती. मध्येच गाढव ओरडलं आणि सगळी पोरं समाधानाने हसली. चष्म्याची बाईही हसली, मग कागदावर काहीतरी लिहिलं.

मग माझा हात आला. भिंतभर. घरात लॅपटॉपवर तो तळहाताएवढा होता, इथे दारापेक्षा मोठा. सुरी शिंगाच्या टोकाशी आली, वळली. पुन्हा आली, वळली. पोरांनी नमद्याचे तुकडे समोर घेतले आणि सगळ्यांच्या सुऱ्या माझ्या हाताबरोबर चालू लागल्या. इतक्या सगळ्या लहान हातांत माझं मनगट होतं. नमदा कापला जाण्याचा तो कोरडा, मऊ आवाज वर्गभर पसरला, मेंढ्या एकत्र चरताना येतो तसा.

दार उघडलं. म्हातारा आला.

आणि पोरांनी, सुरीवरची नजर न काढता, जराजरा सरकून वाट करून दिली. कोणी सांगितलं नव्हतं. घरात वडीलधारा आला की अंग आपोआप सरकतं तसं. वाकड्या वेणीची ओठांतल्या ओठांत म्हणाली, वर या, आजोबा, वर बसा. तो पाय उचलून गेला. पुन्हा आला. पुन्हा सगळी सरकली. तेव्हा मला रिकामी खुर्ची कळली. मी तिच्यापासून माझा कोट आवरून घेतला.

उठायचं होतं ते मी उठले नाही. पोरं त्याला बस म्हणत होती. रोज म्हणत होती. फक्त त्यालाच बसता येत नव्हतं.

शिंग अर्ध्यावर आलं तसे काही हात घुटमळले. भिंतीवरचा हात तर थांबत नव्हता. मग खिडकीजवळच्या एका पोरीने हात वर केला आणि विचारलं, बाई, या आजी थांबतात कधी? दुसऱ्या कुणीतरी लगेच विचारलं, आणि आजोबांच्या कोटात काय आहे? सगळा वर्ग उठला, हो, कोटात काय आहे, रोज विचारतो तुम्ही सांगत नाही.

कनिशाय भिंतीपाशी उभी होती. म्हाताऱ्याचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर येत होता आणि जात होता. तिने पोरांकडे बघितलं नाही, चष्म्याच्या बाईकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. तासाची वेळ मोजकी होती, पुढे तिचं आणखी बरंच दाखवायचं राहिलं होतं, हे मलाही कळत होतं. ती हलली नाही. मी सांगितल्याशिवाय दाखवणार नाही म्हणाली होती, आणि तिने ते पाळलं.

"लाव," मी म्हटलं.

तिने बटण दाबलं. आवाज आला, आमच्या खोलीतला, चुलीचा. दार उघडलं. म्हातारा आला, एक पाय टाकला, दुसरा उचलला.

आणि टेकवला.

वर्गात कुणीतरी श्वास सोडला, मी असेन. तो दोन पावलं चालला. दार ढकललेला हातही आता कोटाशी गुंतला म्हणून दार मागे उघडंच राहिलं, आणि उजेड त्याच्या पाठोपाठ पाळलेल्या जनावरासारखा आत आला. तो माझ्यासमोर बसला, ढोपरं कुरकुरत, जसा बसायचा तसा. भिंतीवरचा माझा हात शिंगाच्या मध्यात होता. सुरी थांबली. वर आली. मी ती बाजूला ठेवली, आणि वर्गातल्या सुऱ्याही खाली गेल्या.

मी मनात म्हटलं, कोटात काय आहे ते बघायला थांबले असेन. पण कोट अजून बंद होता. भिंतीवरच्या बाईचं कोटाकडे लक्षही नव्हतं. तिने समोवरखाली पियाला धरला, चहा ओतला, दूध घातलं, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे केला, आणि त्याच्याकडे बघत राहिली. इतकं साधं. असं मी किती वर्षं केलं असेन आणि मला त्याची खबरच नाही.

मग त्याने कोट उघडला आणि आतून एक कोकरू निघालं, ओलं, काळं, पाय इकडे तिकडे. पोरं हसली, उठून उभी राहिली, मागच्यांना दिसेना म्हणून पुढच्यांना ओढू लागली. म्हातारा म्हणाला, "बाहेर राहिलं असतं तर गारठलं असतं," आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं. त्याचा आवाज थोडा घोगरा होता. मी विसरले होते तो किती घोगरा होता.

चहा सगळा प्याला. घाई केली नाही. घड्याळ चालत होतं, कनिशायचा तास चहाबरोबर संपत चालला होता, आणि कोणी ते थांबवलं नाही. मग त्याने पियाला खाली ठेवला, दोन्ही तळवे उचलून तोंडावरून फिरवले, ओमीन. आणि वर्गातल्या सगळ्या पोरांनी तळवे उचलून तोंडावरून फिरवले. माझ्या शेजारच्या चष्म्याच्या बाईनेही पेन मांडीवर टाकलं आणि हात उचलले. मी सगळ्यात शेवटी.

तो उठला. उजेडाकडे निघाला. भिंतीवरून माझा आवाज आला, नेहमीचा, मान वर न करता: दार लाव, लोकर उडतेय. तो हसला, उंबरा ओलांडला, बूट न लावता, आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

दार बंद झालं. बंदच राहिलं. मांडीवर कोकरू घेऊन त्या बाईने सुरी उचलली, जिथे सोडली होती तिथे लावली, आणि शिंग पुरं केलं. पोरांनीही तिच्याबरोबर सुऱ्या पुन्हा लावल्या.

घंटा झाली. पडदे सरकवले तेव्हा बाहेर साधं ऊन होतं. पोरं गेली, वाकड्या वेणीच्या मुलीने जाताना ती रिकामी खुर्ची उचलून बाकाला लावून ठेवली. पाहुणे मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला आणि तासाचं काय ते ठरवायला गेले. चष्म्याच्या बाईने जाताना माझा हात हातात घेतला, पण कनिशायचा तास कसा झाला ते काही बोलली नाही.

आम्ही दोघी उरलो. कनिशाय नमद्याचे तुकडे गोळा करत होती, लाल एकीकडे, काळे एकीकडे. तोंड वळवून बोलली, म्हणजे रडत होती.

"एने, मी मुद्दाम तिथे नव्हतं कापलं. वळण तिथे संपत होतं म्हणून कापलं. पण नंतर त्यात ते दिसले, आणि मग मी बदललं नाही. घरी दार उघडं असून ते येत नव्हते. इथे रोज येत होते."

मला ठाऊक नव्हतं की त्या दाराकडे आणखी कोणी बघत होतं. मी तुकड्यांपैकी एक उचलला. शिंग बरं होतं, वळण जरा घाबरलेलं, पण मध्यात एक खाच होती, सुरी थांबून पुन्हा लावल्याची. दुसरा उचलला. त्यातही. सगळ्या पोरांनी माझ्याबरोबर सुरी खाली ठेवली होती. घरी गेल्यावर माझ्या शिरदाकवर ती खाच कुठे आहे ते शोधायचं मी ठरवलं; वर्षभर तिच्यावर बसलेय आणि मला दिसली नाही.

मी कोट घातला, बटणं लावली, आणि काळा रुमाल नीट केला; थोडेच दिवस राहिले होते त्याचे.

"कनिशाय," मी म्हटलं, "तुझा टाका वाईट, तुझा चहा अळणी, आणि आज तुझा तासही अर्धा राहिला. सुरी कशी चालते एवढंच तू त्या पोरांना दाखवत होतीस. ती खाली कुणासाठी ठेवायची, ते आज दाखवलंस. तुझं चित्र राहू दे, फिरू दे हवं तेवढं, पण आधी सगळं दाखवायचं, म्हातारा बसेपर्यंत, उठेपर्यंत, दार लागेपर्यंत. आणि आता घरी चल, ते दार मी वर्षभर उघडं ठेवलंय, ते तू लाव."